बोटाला ९८ आणि मांडीला ३५, खरं कुठलं?

मागच्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की आता स्नायूतला ऑक्सिजनसुद्धा सुई न टोचता नुसत्या प्रकाशानं मोजता येतो. त्यावर इतके मेसेज आले की या महिन्याचं सगळं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : नमस्कार सर, मी साताऱ्याचा, वय ४१, पाच वर्षं झाली पळतोय. यवतेश्वरच्या घाटात सराव चालू होता तेव्हा ग्रुपमधल्या एकानं त्याचं ते मांडीला बांधायचं यंत्र मला लावून बघितलं. वर पोचलो तर आकडा ३५! मी घाबरलोच. बॅगेत कोविडच्या वेळचं ऑक्सिमीटर होतं ते थांबून बोटाला लावलं तर ९८. कोविडमध्ये ९४ च्या खाली गेलं की दवाखान्यात पळायचो, मग ३५ म्हणजे काय समजायचं? यंत्र बिघडलंय का मी?

उत्तर : दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि तुम्हीही ठणठणीत आहात, आधी ती काळजी सोडा. रक्त ऑक्सिजननं किती टक्के भरलेलं आहे तेच दोन्ही यंत्रं सांगतात, फक्त वेगवेगळ्या जागचं मोजतात एवढंच.

धरणाचा कालवा डोळ्यासमोर आणा. आवर्तन सुटलं की कालव्याच्या तोंडाशी पाणी काठोकाठ असतं, आणि टेलच्या शेतकऱ्याच्या चारीत काय येतं ते वरच्या शेतांनी किती ओढलं त्यावर ठरतं. बोटाचं ऑक्सिमीटर कालव्याच्या तोंडाशी उभं आहे, फुप्फुसातून निघालेलं ताजं रक्त किती भरलेलं आहे ते सांगतं. मांडीवरचं यंत्र शेतात उभं आहे, तिथं पाणी येतंय आणि पिकं ते पितायत, या दोन्हीचा हिशोब होऊन त्या क्षणाला शिल्लक किती ते दाखवतं. घाट चढताना मांडीचा स्नायू जोरात ऑक्सिजन ओढतो, तो त्यासाठीच तर आहे, मग शिल्लक कमी दिसणारच. निवांत बसलेल्या माणसाच्या मांडीला साधारण ६० ते ८० च्या दरम्यान काहीतरी दिसतं, आणि दमछाक होईपर्यंत पळालात की ३० काय, त्याच्याही खाली जाऊ शकतं. ही रोजची निरोगी गोष्ट आहे. कोविडमधला ९४ चा नियम कालव्याच्या तोंडाचा होता, तो शेताला लावायचा नाही. हां, बोटाला बसल्या जागी ९० दिसायला लागलं तर मात्र दवाखान्यात पळायचंच.

बोटाचं यंत्र फक्त धमनीतलं रक्त वेगळं कसं काढतं हेही सांगतो कारण फरक तिथंच आहे. नाडीचा ठोका पडला की बोटात रक्ताची बारीक लाट येते आणि यंत्र प्रकाशातला तेवढाच धडधडणारा बदल उचलतं, बाकी कातडी, हाड, शिरा सगळं सोडून देतं. ही युक्ती जपानच्या निहोन कोहडेन कंपनीतले इंजिनिअर ताकुओ आओयागी यांची, १९७४ ची. ते एप्रिल २०२० मध्ये गेले, आणि तेव्हा सगळं जग त्यांच्याच यंत्रासाठी औषधांच्या दुकानात रांगा लावून उभं होतं, मला ते आठवलं की अजून गलबलून येतं. आपल्याकडे त्याच वर्षी सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई दारोदार ते घेऊन फिरल्या आणि महाराष्ट्रातल्या घराघरात लोकांना ऑक्सिजनचा आकडा वाचता यायला लागला. स्नायूचं यंत्र ठोक्याची वाट बघत नाही. समोरच्या मांसात जे काही रक्त आहे, बारीक धमन्या, केशवाहिन्या, बारीक शिरा, त्या सगळ्याची ते सरासरी काढतं, आणि त्यात जास्त वाटा ऑक्सिजन देऊन झालेल्या रक्ताचा असतो.

आता ३५ चं करायचं काय? मी तर म्हणेन ३५ विसरा आणि आकडा कसा वर-खाली होत जातो ती आलेखाची रेघ बघा. सपाटीला सावकाश पळताना सुरुवातीला आकडा थोडा पडतो, मग रक्तवाहिन्या उघडतात आणि तो वर येऊन स्थिरावतो, म्हणूनच वॉर्मअप न करता घाटाला भिडू नका असं आम्ही सारखं ओरडत असतो. चढ लागला की आकडा खाली जातो, पण खाली जाऊन एका जागी टिकला तर तो वेग तुम्हाला बराच वेळ झेपणार आहे. आणि तोच आकडा टिकायचं नाव न घेता घसरतच राहिला तर समजा की मागणी पुरवठ्याच्या पुढे गेलीय आणि काही मिनिटांत पाय बोलणार. तिसरी गोष्ट म्हणजे थांबल्यावर परत भरायला किती वेळ लागतो. याच आठवड्यात, त्याच चढाला, त्याच जागी पट्टा बांधून परत मोजा आणि स्वतःच्याच रेघेशी ताडून बघा. मित्राच्या आकड्याशी तुलना करू नका, दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी तर अजिबात नको, प्रत्येकाचं गणित वेगळं असतं आणि एकाचं ३५ दुसऱ्याचं ४५ असू शकतं.

अजून एक, उन्हात पळताना यंत्रावरून काळं कापड किंवा घट्ट काळी शॉर्ट्स घाला. यंत्र प्रकाश मोजतंय आणि बाजूनं ऊन शिरलं की सगळा घोळ होतो.

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यात विज्ञान शिकवते. मुलांना सांगितलं की प्रकाशानं मांसातलं मोजतात, तर एकानं विचारलं, “मॅडम, प्रकाश मांसातून आरपार कसा जाईल, मग आपली सावलीच पडली नसती.” मला नीट उत्तर देता आलं नाही. सोप्या भाषेत सांगाल का?

उत्तर : ताई, त्या मुलाला शाबासकी द्या आणि वर्गाच्या खिडक्या लावून घ्या. अंधारात मोबाईलचा टॉर्च तळहाताच्या मागून लावायला सांगा. टॉर्च पांढरा आहे पण हात लालभडक पेटल्यासारखा दिसतो, आणि बोटांची हाडं मात्र दिसत नाहीत. या एका प्रयोगात सगळा धडा आहे.

लालच का दिसतं? कारण निळा-हिरवा प्रकाश रक्त पिऊन टाकतं आणि लाल बराच सुटतो. लालच्याही पुढे, जिथं आपल्या डोळ्याला दिसायचं बंद होतं, तिथं मांस आणखी पारदर्शक होतं. साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटर (हे प्रकाशाच्या लहरीच्या लांबीचं माप) अशी ती खिडकी आहे. तिच्या अलीकडे हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहणारा लाल पदार्थ, प्रकाश खातं आणि पलीकडे पाणी. टीव्हीच्या रिमोटमधला प्रकाश याच पट्ट्यातला, मोबाईलच्या कॅमेऱ्यातून रिमोटचं टोक बघायला सांगा, बटण दाबलं की बऱ्याच फोनमध्ये जांभळट ठिपका चमकताना दिसतो. मुलं वेडी होतात.

आणि हाडं का दिसत नाहीत? कारण प्रकाश सरळ जात नाही. दुधाच्या ग्लासातून पलीकडचं दिसत नाही तसंच मांसाचं आहे, प्रत्येक किरण हजारदा आपटत, वळत, धक्के खात जातो. दोन ठिकाणांमधलं सरळ अंतर ३ सेंटिमीटर असलं तर प्रकाशानं खरं कापलेलं अंतर त्याच्या चार ते सहा पट निघतं. हे किती पट ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात डेव्हिड डेल्पी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडलं, प्रकाशाचे अतिसूक्ष्म झटके सोडून ते पलीकडे पोचायला किती वेळ लागतो ते मोजून. एवढं फिरूनसुद्धा प्रकाशाला एक नॅनोसेकंद लागत नाही!

म्हणून यंत्राची रचना अशी, की दिवा आणि प्रकाश टिपणारा डोळा दोन्ही कातडीवर एकाच बाजूला, मधे दोन-तीन सेंटिमीटर अंतर. दिव्यातून आत शिरलेल्या प्रकाशातला काही भाग केळ्याच्या आकाराची वाट धरून परत वर येतो आणि डोळ्यात पडतो. किती खोल जाऊन येतो? ढोबळमानानं दिवा-डोळ्यातल्या अंतराच्या निम्मं. ३ सेंटिमीटर अंतर तर दीड सेंटिमीटर खोली.

आता ऑक्सिजन कसा कळतो? तुम्ही रक्त तपासायला दिलं असेल, शिरेतून काढलेलं रक्त सिरिंजमध्ये काळपट लाल दिसतं आणि जखमेतून धमनीचं उडालं तर लालबुंद. हिमोग्लोबिननं ऑक्सिजन सोडला की त्याचा रंग बदलतो, आणि हा बदल त्या न दिसणाऱ्या पट्ट्यातही चालू राहतो. ७६० नॅनोमीटरला रिकामं हिमोग्लोबिन जास्त प्रकाश खातं, ८५० च्या आसपास भरलेलं जास्त खातं, आणि ८०० च्या जवळ एक जागा अशी आहे की दोघंही सारखंच खातात. दोन-तीन रंग सोडायचे, परत किती आले बघायचे, आणि त्यावरून भरलेलं किती रिकामं किती हे काढायचं. स्नायूत मायोग्लोबिनही असतं, ते हिमोग्लोबिनचं सख्खं भावंड, त्याचाही रंग तसाच बदलतो आणि या प्रकाशाला दोघांतला फरक कळत नाही, म्हणून येणारा आकडा दोघांचा मिळून असतो.

मुलांना गोष्ट सांगायची असेल तर दोन माणसं सांगा. पहिले फ्रान्स योबसिस, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले. त्यांनी १९७७ मध्ये दाखवलं की हा प्रकाश कवटीतूनसुद्धा आत जातो आणि जिवंत मेंदूतल्या ऑक्सिजनची खबर घेऊन येतो. दुसरे ब्रिटन चान्स, पेनसिल्व्हानिया विद्यापीठातले, यांना मी फार मानतो. या माणसानं १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये शिडाच्या बोटीच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवलं, आणि चाळीस वर्षांनी, १९९२ मध्ये, अव्वल रोइंगपटूंच्या मांडीला यंत्र बांधून वल्हवणं थांबल्यावर स्नायूत ऑक्सिजन परत भरायला किती वेळ लागतो ते मोजून छापलं. प्रयोगशाळेतली गोष्ट मैदानात आणणारा माणूस स्वतः खेळाडू होता हे मुलांना नक्की सांगा.

प्रश्न : माझा रंग बराच काळा आहे आणि पोटरीवर टॅटू आहे. यंत्र चालेल का?

उत्तर : टॅटूवर लावू नका, शाई प्रकाश खाते, दुसऱ्या पोटरीला लावा. रंगाचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो विचारलात हे चांगलं केलंत. कातडीतलं मेलॅनिनही प्रकाश शोषतं, त्यामुळे गडद रंगाच्या माणसाच्या बाबतीत परत येणारा प्रकाश कमी पडतो आणि सिग्नल कमजोर होतो. बोटाच्या ऑक्सिमीटरबद्दल तर डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांवरचा अभ्यास आला, धमनीतला ऑक्सिजन खरोखर कमी असताना यंत्रानं ठीक दाखवल्याचे प्रसंग कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होते. जीवनमरणाच्या यंत्रात असा फरक इतकी वर्षं राहिला याचा मला राग येतो. स्नायूच्या बाबतीत तुम्ही स्वतःचीच रेघ स्वतःशी ताडणार असाल तर अडचण कमी, रंग रोज तोच आहे. पण एकट्या सुट्या आकड्यावर विश्वास टाकू नका.

प्रश्न : मी नाशिकची, वय ३६, दोन वर्षं सायकलिंग करते. नवऱ्याच्या मांडीला यंत्र लावलं की आकडा झरझर खाली येतो, माझा ७० च्या आसपासच बसून राहतो, कितीही जोर लावला तरी. तो म्हणतो तू जोरच लावत नाहीस. चढाला मला धाप मात्र त्याच्यापेक्षा जास्त लागते.

उत्तर : ताई, तुम्ही जोर लावताय, यंत्र तुमच्या स्नायूपर्यंत पोचत नाहीये. वर लिहिलं तसं प्रकाश साधारण दीड सेंटिमीटर खोल जाऊन येतो. कातडीखाली चरबीचा थर असतो आणि बायकांच्या मांडीवर तो निसर्गतःच जास्त असतो, त्यात कमीपणाचं काही नाही. तो थर १० किंवा १२ मिलिमीटरचा असला तर प्रकाशाची बरीचशी फेरी चरबीतच संपते, आणि चरबी ऑक्सिजन अगदी थोडा वापरते, म्हणून रेघ वर आणि सपाट. तुम्ही चरबीचा ऑक्सिजन मोजत बसलाय. जिममध्ये चिमटा कॅलिपर असतो त्यानं मांडीची चिमूट मोजा, चिमटीत दोन थर येतात म्हणून निम्मं करा. थर जाड निघाला तर यंत्र पोटरीला किंवा हाताच्या पुढच्या भागाला लावून बघा, तिथं थर पातळ असतो, सायकलसाठी पोटरी काही वाईट जागा नाही.

पण तुमच्या शेवटच्या वाक्यानं मी थांबलो. धाप जास्त लागते म्हणालात, हिमोग्लोबिन कधी तपासलंय? हे सगळ्या वाचक बायकांसाठी लिहितोय. ही दोन्ही यंत्रं टक्केवारी सांगतात, म्हणजे आहे त्या हिमोग्लोबिनपैकी किती भरलेलं आहे. हिमोग्लोबिनच किती आहे ते सांगत नाहीत! एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं. हिमोग्लोबिन १५ म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १५ ग्रॅम. अशा माणसाच्या तेवढ्या रक्तात जवळपास २० मिलिलिटर ऑक्सिजन मावतो, आणि ८ असलेल्या बाईच्या रक्तात साडेदहाच, आणि बोटाचं ऑक्सिमीटर मात्र दोघांनाही ९८ दाखवेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्तक्षय आढळला होता. म्हणून महागड्या यंत्राच्या आधी ती साधी रक्ततपासणी करून घ्या, आणि नवऱ्यालाही हे वाचायला द्या.

प्रश्न : सर मी कोल्हापूरला तालमीत आहे, वय १९. पकड धरून ठेवली की हात भरून येतो आणि मग बोटं उघडतात. वस्ताद म्हणतात दम कमी आहे. दम म्हणजे श्वास ना, मला धाप तर लागत नाही. हे यंत्र काही सांगेल का?

उत्तर : मित्रा, वस्ताद बरोबर बोलतायत, फक्त तो दम छातीतला नाही, हातातला आहे. स्नायू आवळून धरला की आत दाब वाढतो आणि त्या दाबानं आतल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात. पकड जितकी घट्ट तितका रक्ताचा रस्ता बंद, आणि बऱ्यापैकी जोरात आवळलंस की आत रक्त जायचंच जवळपास थांबतं. म्हणजे कालव्याचं दार बंद आणि पिकं तर पाणी ओढतायत. मनगटाच्या वर, हाताच्या आतल्या बाजूला यंत्र लावलंस तर ही घसरण डोळ्यानं दिसेल, आकडा काही सेकंदांत कोसळतो, आणि पकड सोडली रे सोडली की रक्ताचा लोंढा येतो आणि आकडा सुरुवातीपेक्षाही वर जातो. हात भरून येतो म्हणतोस त्यात हा लोंढाही आलाच.

कडे चढणाऱ्या गिर्यारोहकांच्या हातांवर असं मोजमाप बरंच झालंय, त्यांचंही दुखणं तुझ्यासारखंच आहे, धरून ठेवायचं. यातून तुझ्या कामाची गोष्ट अशी की पकडीत अर्धा क्षण जरी सैल सोडता आलं, म्हणजे पकड बदलताना, हात फिरवताना, तरी तेवढ्यात रक्त आत शिरतं. जुने पैलवान सतत आवळून बसत नाहीत, मोक्याला आवळतात, बघ त्यांच्याकडे. सरावात १० सेकंद घट्ट, ५ सेकंद सैल अशा फेऱ्या धर आणि हळूहळू सैल वेळ कमी कर. यासाठी यंत्र विकत घ्यायची काही गरज नाही, तेवढ्या पैशात खुराक बघ.

आणि एक, व्हिडिओ बघून दंडाला पट्टा किंवा दोरी करकचून बांधून व्यायाम करू नकोस. प्रयोगशाळेत आम्ही दंडाला बीपीसारखा पट्टा फुगवून रक्त मुद्दाम काही मिनिटं थांबवतो, आकडा किती वेगानं पडतो त्यावरून स्नायू स्वतः किती ऑक्सिजन खातो ते कळतं, पण तिथं दाब मोजलेला असतो आणि बाजूला शिकलेलं माणूस उभं असतं.

प्रश्न : आईचं वय ६७, १४ वर्षं शुगर आहे. देवळापर्यंत चालली की पोटऱ्या दुखतात, कट्ट्यावर बसली की पाच मिनिटांत थांबतं, परत चालली की परत तेच. ती म्हणते वयाचं आहे. माझ्या भावाकडे हे यंत्र आहे, ते पोटरीला लावून कळेल का रक्त कमी पोचतंय ते?

उत्तर : ताई, यंत्र बाजूला ठेवा आणि या आठवड्यातच आईंना डॉक्टरांकडे न्या. चालल्यावर दुखणं, थांबल्यावर जाणं, पुन्हा तेवढंच चालल्यावर पुन्हा येणं, हे पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचं अगदी ठरलेलं लक्षण आहे, त्यात १४ वर्षांची शुगर. मणक्यात नस दबली तरी असंच होतं, पण त्यात बहुतेक वेळा नुसतं उभं राहून बरं वाटत नाही, बसावं किंवा वाकावं लागतं. तुमच्या आई बसतातच, म्हणून एकदा उभ्या उभ्या थांबून दुखणं जातं का ते बघायला सांगा आणि डॉक्टरांना ते नक्की सांगा.

अशा पायावर हे प्रकाशाचं यंत्र लावलं तर चालायला लागल्यावर आकडा लवकर आणि खोल पडतो, आणि थांबल्यावर वर यायला निरोगी पायापेक्षा कितीतरी जास्त वेळ घेतो, हे अभ्यासांत वारंवार दिसलंय. पण त्यावर निदान करत नाहीत, आणि भावाच्या यंत्रावर रेघ बरी दिसली म्हणून तुम्ही निर्धास्त झालात तर मला ते सगळ्यात वाईट वाटेल.

डॉक्टर घोट्याचं आणि दंडाचं बीपी घेऊन भागाकार करतील. ०.९ किंवा त्याखाली आला तर धमनीत अडथळा आहे असं धरतात. शुगरच्या जुन्या पेशंटच्या धमन्या कधीकधी कॅल्शियमनं कडक होतात आणि पट्ट्यानं दबतच नाहीत, मग हा भागाकार खोटाच चांगला येतो, १.४ च्याही वर जातो, म्हणून गरज पडली तर पायाच्या अंगठ्याचं बीपी किंवा डॉपलर (रक्ताचा प्रवाह बघायची तपासणी) करून घ्या असं तुम्ही स्वतःहून विचारा, लाजू नका.

तोवर रोज रात्री आईंचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघा, कुठं भेग, फोड, रंग बदललेली जागा दिसतेय का. त्यांना अनवाणी चालू देऊ नका, देवळातसुद्धा मोजे घालू द्या. तंबाखू किंवा मिशरी लावत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि पाय बसल्या जागी किंवा रात्री झोपेत दुखायला लागला, किंवा एखादं बोट गार पडून निळं-काळं दिसलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी घेऊन जा.